जोडी म्हणून विकली, पण ती जोडी नव्हतीच : जुने हाय-एंड स्पीकर घेताना

पुण्यातल्या एका गृहस्थांनी मुंबईच्या उपनगरातून जुने युरोपीय फ्लोअर-स्टँडिंग स्पीकर १ लाख ८५ हजारांना घेतले. तीन-वे, म्हणजे आवाज तीन भागांत वाटून वाजवणारे: प्रत्येक डब्यात खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची दोन वूफर, मधल्यांसाठी एक मिडरेंज, वरच्यांसाठी एक ट्वीटर. नवे असताना किंमत याच्या कितीतरी पट. विक्रेत्याच्या हॉलमध्ये ऐकले, आवडले, पैसे दिले, टेंपोत घालून घरी आणले. घरी नीट मांडून ऐकायला बसल्यावर एक विचित्र गोष्ट लक्षात आली. गायिकेचा आवाज मध्यभागी येत होता, पण तिचा 'स' आणि 'श' डावीकडून यायचा. शिवाय तासाभराने ॲम्प्लिफायरची उजवी बाजू डावीपेक्षा जास्त तापलेली असायची.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर तयारच होतं: 'खोलीचा दोष आहे. आणि स्पीकर जागेवरून हलले की पुन्हा खुलायला शंभर तास लागतात.' शंभर तास भरेपर्यंत त्याने फोन उचलणं बंद केलं.

उजवा डबा उघडल्यावर सगळं बाहेर आलं. ट्वीटरची पुढची पट्टी मूळची, पण तिच्यामागे बसवलेला घुमट साधा बाजारी. खालच्या वूफरचा कोन (हलणारा पडदा) आणि कॉइल (त्याला हलवणारं तारेचं वेटोळं) बदललेली, आणि कॉइल मूळच्या ८ ओहमऐवजी ४ ओहमची. टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर डावा ३.४ ओहम दाखवत होता, उजवा २.४. ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध; तो कमी तितका करंट जास्त. ॲम्प्लिफायर का तापत होता ते इथेच कळलं. डावा स्पीकर मात्र पहिल्यापासून अस्सल आणि चांगला होता.

अशा फसवणुकीची मेख नेमकी इथे असते. सगळाच माल खोटा असेल तर निम्मे लोक तरी ओळखतात. एक स्पीकर उत्तम आणि दुसरा भाग बदलून कसाबसा उभा केलेला असेल, तर चांगला वाजत राहतो आणि वाईट त्याच्या आडोशाला लपतो. विक्रेताही तुम्हाला दोन्ही एकदम, मोठ्या आवाजात, गर्दीचं संगीत लावूनच ऐकवतो. म्हणून तपासणीचं पहिलं सूत्र हे की स्पीकरची तुलना जाहिरातीशी नाही, दुसऱ्या स्पीकरशी करायची.

या सौद्यात काय काय लपवलं होतं, तेही बघा. ऐकण्याची खुर्ची मध्ये नव्हती, सोफा भिंतीला लागून उजव्या स्पीकरच्या जवळ होता. गाणी मोबाइलवरून ब्लूटूथने, इक्वलायझर चढवून. आणि त्या दिवशी हौसेने काढलेल्या फोटोत ॲम्प्लिफायरचा बॅलन्सचा नॉब उजवीकडे वळलेला स्पष्ट दिसतो. छोट्या बुकशेल्फ स्पीकरच्या सौद्यात याहून जुनी युक्ती चालते: कोपऱ्यात, पडद्यामागे सबवूफर (फक्त बास वाजवणारा वेगळा स्पीकर) चालू ठेवायचा आणि 'बघा, एवढ्याशा डब्यातून केवढा बास' म्हणायचं. सबवूफर दिसला की त्याचा प्लग काढायला सांगा. लाउडनेसचं बटण, टोनचे नॉब, बॅलन्स, सगळं सरळ करायला सांगा. त्यावर जो चिडतो, त्याच्याकडून घेऊ नये.

आता तपासणी. सोबत मल्टिमीटर, टॉर्च, दीड व्होल्टचा सेल, दोन वायरचे तुकडे, स्वतःचं संगीत असलेला मोबाइल आणि शक्य असेल तर घरातला वजनकाटा न्या.

पहिल्यांदा डोळ्यांनी. दोन्हींच्या पाठीवरचे अनुक्रमांक वाचा. बरेच चांगले उत्पादक जोडी जुळवून विकतात, त्यामुळे क्रमांक एकच असतो किंवा लागोपाठचे असतात. दोन अंक इकडेतिकडे असतील तर विचारा. हजारांचा फरक असेल तर ती जोडी नंतर जमवलेली आहे. ड्रायव्हरच्या, म्हणजे वूफर-मिडरेंज-ट्वीटरच्या, स्क्रूंची डोकी बघा. कंपनीत एकदाच आवळलेल्या स्क्रूची खाच धारदार असते, उघडून लावलेल्याची कड घासलेली, चमकणारी असते. एकाच ड्रायव्हरचे स्क्रू घासलेले दिसले तर तोच बदललाय. वूफरच्या मधल्या टोपीच्या, म्हणजे डस्ट कॅपच्या कडेला गोंदाचं दुसरं वर्तुळ दिसलं तर कोन सेंटर करण्यासाठी ती कापून परत चिकटवलेली आहे. पोर्ट, म्हणजे डब्याला हवेचं भोक, असेल तर त्यातून टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा घालून फोटो काढा. दोन्ही डब्यांतली मॅग्नेट आणि क्रॉसओव्हरचे (ड्रायव्हरना सूर वाटून देणाऱ्या सर्किटचे) कॅपॅसिटर सारखेच दिसायला हवेत. मूळच्या बायपोलर, म्हणजे दोन्ही दिशांनी चालणाऱ्या, कॅपॅसिटरच्या जागी कारागिराने साधे पोलर लावलेले आढळतात. तेही वाजतात, पण आवाज विकृत होतो आणि फार टिकत नाहीत.

वूफरच्या कोनाभोवतीची फोमची कड बदलणं हा गुन्हा नव्हे, हे इथे सांगायला हवं. फोम दहा-वीस वर्षांत कुजतोच, आपल्या दमट किनारपट्टीवर त्याहून लवकर. चांगल्या कारागिराने योग्य जाडीची आणि लवचिकतेची कड दोन्ही बाजूंना लावली असेल तर घ्यायला हरकत नाही. पण ते आधी सांगितलं पाहिजे आणि किमतीत दिसलं पाहिजे. एकाच बाजूचा फोम बदलला, किंवा कडक रबर चिकटवलं, तर त्या वूफरची अनुनाद-वारंवारता (ज्या सुराला तो आपोआप घुमतो ती) सरकते आणि दोन बाजूंचा बास जुळत नाही. एमडीएफचा डबा असेल तर तळाची कड आणि टर्मिनलभोवतीचा भाग बोटाने चाचपा. पाणी प्यायलेला एमडीएफ फुगतो आणि पुन्हा सपाट होत नाही. व्हिनिअरच्या नव्या पट्ट्या बहुधा तिथेच असतात.

मग वजन. पुण्याच्या त्या जोडीत डावा उजव्यापेक्षा १.४ किलोने जड भरला. उजव्याच्या खालच्या वूफरचं मॅग्नेटही बदललं होतं. एकाच मॉडेलच्या दोन डब्यांत एवढा फरक पडत नाही.

मल्टिमीटर लावताना आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा. स्वस्त मीटरच्या वायरींचाच ०.२ ते ०.५ ओहम येतो. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ४. आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक महत्त्वाचा, आणि तो पाच टक्क्यांच्या आत असावा. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मीटरला फक्त वूफर दिसतो. ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर असतो, त्यातून मीटरचा डीसी जात नाही. ट्वीटर मेलेला असला तरी आकडा अगदी बरोबर येतो. 'मीटर लावून दाखवतो साहेब' म्हणणारे विक्रेते याच भरवशावर असतात.

सेल दोन सेकंदांपुरता मुख्य टर्मिनलला लावा, प्लसला प्लस. दोन्ही डब्यांचे वूफर एकाच दिशेला उडाले पाहिजेत. एक बाहेर आणि दुसरा आत गेला तर आतल्या वायरी उलट जोडल्यात. असे स्पीकर एकत्र वाजवले की बास एकमेकांना खोडतो. मिडरेंज उलटा दिसला तर घाबरू नका, काही क्रॉसओव्हरमध्ये तो मुद्दामच तसा असतो. ट्वीटरला थेट सेल लावायचा नाही.

त्यानंतर कान. मोबाइलवर पिंक नॉइज मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज जाईल असा, लावा. नळाच्या धारेसारखा झरझर आवाज असतो. दोन्ही स्पीकरपासून समान अंतरावर बसा. आवाज दोघांच्या बरोब्बर मध्ये, एका अरुंद जागी उभा राहिला पाहिजे. एका बाजूला पसरला किंवा त्यातला वरच्या सुरांचा भाग सरकला, तर ॲम्प्लिफायरवर डाव्या-उजव्या वायरी बदला. दोष वायरींबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर तो ॲम्प्लिफायरचा, जागेवरच राहिला तर स्पीकरचा किंवा खोलीचा. खोली की स्पीकर हे कळायला दोन्ही डब्यांची जागा आपसात बदला. विक्रेता 'खोलीमुळे' म्हणतो ते कधी कधी खरंही असतं, म्हणून ही पायरी गाळू नये. शेवटी ३० ते ३०० हर्ट्झचा साइन स्वीप (खालून वर चढत जाणारा एकच शुद्ध सूर) अगदी कमी आवाजात चालवा. कॉइल घासत असेल तर खरखर येते, डब्याचा सांधा सुटला असेल तर फुसफुस. आवाज वाढवून हे करू नका, साइनने कॉइल जळते.

बीबीसीच्या एलएस३/५ए स्पीकरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्या नावावर बरीच गडबड चालते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांत बसेल असा छोटा मॉनिटर स्पीकर तयार केला. त्यात केईएफ या कंपनीचा बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर होता. परवाना घेऊन रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ वगैरे कंपन्यांनी तो बनवला. आधीची आवृत्ती १५ ओहमची होती, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ११ ओहमची आली. दोन्हींचे क्रॉसओव्हर वेगळे आहेत. फसवणारा एक १५चा आणि एक ११चा घेऊन जोडी लावतो. बाहेरून कळत नाही, पाठीवरची पट्टी वाचावी लागते. नवे नकली डबे जुनी पट्टी चिकटवून येतात ते वेगळेच. या स्पीकरची संवेदनशीलता (ठरलेल्या विजेवर तो किती मोठा वाजतो ते) सुमारे ८३ डेसिबलच आहे आणि खोल बास त्यात नाही. 'बीबीसीचा आहे, हॉल हादरवेल' असं कुणी म्हणालं तर त्याने तो कधी नीट ऐकलेला नाही, किंवा तो खोटं बोलतोय.

नव्या मालात फसवणूक निराळ्या वाटेने येते. शोरूममध्ये दोन जोड्या एकाच नॉबवर वाजवून 'ही बघा किती मोकळी वाटते' म्हणतात. ८५ डेसिबलची आणि ९० डेसिबलची जोडी एकाच नॉबवर ठेवली की दुसरी पाच डेसिबलने मोठी वाजते, आणि कानाला मोठं तेच चांगलं वाटतं. एका डेसिबलचा फरकही 'मोठा' म्हणून नाही, 'स्वच्छ' म्हणून जाणवतो. पिंक नॉइज लावून मोबाइलच्या मीटरने दोन्ही समान करून घ्या. कागदावरचे आकडेही वाचताना सांभाळा: संवेदनशीलता बहुधा २.८३ व्होल्टवर मोजलेली असते. ८ ओहमला ते १ वॅट होतं, ४ ओहमला २ वॅट. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरचे ३ डेसिबल फुकटचे असतात.

विकणाऱ्याची खोली मोठी, गालिचे-पडदे लावलेली. तुमची कदाचित १० बाय १२ फुटांची, खाली व्हिट्रिफाइड टाइल. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला बास अडकून घुमतो. तिथे मोठे फ्लोअर-स्टँडिंग स्पीकर घातले तर तबल्याचा डग्गा नुसता गुरगुरतो. हे ठाऊक असूनही वरचं मॉडेल गळ्यात मारतात, आणि तुम्ही तक्रार केलीत की पाच-पन्नास हजारांची केबल सुचवतात. साध्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने पाच मीटरवर जाऊन-येऊन सुमारे ०.०७ ओहम पडतात, ८ ओहमच्या एक टक्काही नाही. केबलने घुमणं थांबत नाही.

'ब्रेक-इन', म्हणजे वाजवून वाजवून स्पीकर खुलवणं, हा शब्द फार कामाचा आहे, विकणाऱ्याच्या. नव्या वूफरची कड सुरुवातीच्या काही तासांत थोडी सैल होते, इतपत खरं. पण खरखर, एका बाजूला झुकणं, बंद पडलेला ट्वीटर हे कुठल्याच तासांनी सुधारत नाही. दोनशे-तीनशे तास वाजवायला सांगितलं की आधी परतीची मुदत किती दिवसांची आहे ते बघा. हिशेब बहुतेक वेळा जुळतो.

पार्किंगमध्ये गाडी थांबवून 'गोदामातून एक जोडी जादा निघाली' म्हणत लाखाची छापील किंमत दाखवून वीस हजारांना देणारे भेटले तर खिडकीची काच वर करा. अमेरिकेत ही युक्ती १९८०च्या दशकापासून चालत आलेली आहे.

पैशांचं. टोकन पाठवायचं असेल तर आधी माल बघा. समोरचा 'तुमचा परतावा घ्यायला' म्हणून क्यूआर स्कॅन करायला सांगत असेल तर थांबा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. दुकानातून घेताना जीएसटीचं बिल घ्या, त्यावर दोन्ही स्पीकरचे अनुक्रमांक लिहून घ्या. जीएसटी क्रमांक महाराष्ट्रात २७ने, गोव्यात ३०ने सुरू होतो. परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला भारतातला वितरक वॉरंटी देईलच असं नाही. त्यामुळे तोच अनुक्रमांक वितरकाला पाठवून पैसे देण्याआधी विचारा. ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेला) स्पीकर असेल तर पाठीवर २३० व्होल्ट लिहिलंय का ते पाहा.

दुकानदाराविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या मालाला मात्र ही वाट सहसा खुली नसते. तिथे भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडे जावं लागतं. अशा वेळी 'दोन्ही स्पीकर मूळ, कुठलाही ड्रायव्हर बदललेला नाही' असं विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलेलं एक वाक्य, अनुक्रमांकांच्या फोटोसकट, हाताशी असलं तर बोलणं सोपं जातं. पुण्याच्या त्या गृहस्थांकडे ते नव्हतं. तक्रारीला जोडायला त्यांच्याकडे होता तो फक्त बॅलन्सच्या नॉबचा फोटो.