टीएफटूपीएल आणि पीएलटूटीएफ : बरेच महिने वापरल्यावर

लेटेकमध्ये, म्हणजे टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमवर, पुस्तकं लावणं हा माझा धंदा, आणि फॉन्टच्या टीएफएम फाइल्स (प्रत्येक अक्षराच्या रुंदी-उंचीचे आकडे असतात त्या) उघडून बघायची वेळ कधी येईल असं वाटलं नव्हतं. आली ती संतवाङ्मयावरच्या एका इंग्रजी पुस्तकामुळे. मराठी शब्द सगळे रोमन लिपीत, दीर्घ स्वरांवर आडवी रेघ. फॉन्ट विकतचा, टाइप वन या जुन्या प्रकारचा, सोबत कुणीतरी घाईत बनवलेल्या टीएफएम. एरर एकही नाही, पण ज्ञानेश्वर लिहिलं की आ ची रेघ अक्षर सोडून जवळजवळ वरच्या ओळीला टेकायची. गंमत म्हणजे त्याच शब्दातली ञ ची लाट आणि श ची तिरकी खूण एकदम जागेवर, आणि ट-ण खालचे टिंबही साधारण ठीक.

इथेच खरं तर उत्तर होतं. टी-वन एन्कोडिंगमध्ये (कुठल्या नंबरवर कुठलं अक्षर याची यादी) ञ आणि श साठीची ती दोन रोमन अक्षरं तयार मिळतात, आ साठीचा आडव्या रेघेचा ए मिळत नाही, तो टेक स्वतः जोडतो, आणि जोडताना अक्षराच्या उंचीतून फॉन्टची एक्स-हाइट (छोट्या एक्सची उंची) वजा करून तेवढी खूण वर उचलतो. म्हणजे एक्स-हाइट शून्य असेल तर अक्षराच्या पूर्ण उंचीएवढी वर. टिंब असं उचललं जात नाही, त्याला एक्स-हाइट लागते ती फक्त मधल्या बारीक फटीपुरती.

टीएफटूपीएल चालवलं, बायनरी फाइलची वाचता येईल अशी टेक्स्ट फाइल झाली, वरच्या फॉन्टडायमेनच्या (फॉन्टच्या सर्वसाधारण मापांच्या) कंसात एक्स-हाइट ०.०. खाली छोट्या एक्सची उंची बघितली, तीच वर टाकली, पीएलटूटीएफने परत टीएफएम केली आणि ती पुस्तकाच्याच फोल्डरमध्ये ठेवली, टेक आधी तिथेच शोधतो त्यामुळे मूळ फाइलला हात लावायची गरज नाही. रेघ खाली आली. चेकसमची (फाइल जुळते का ते तपासायच्या आकड्याची) ओळ मात्र आहे तशी राहू द्या, ती काढलीत तर प्रोग्रॅम स्वतःचा नवा आकडा काढतो आणि मग डीव्हीआयपीएस, म्हणजे टेकच्या आउटपुटचं पोस्टस्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम, कुरकुर करू शकतो.

मग सवयच लागली, नवा फॉन्ट आला की आधी टीएफटूपीएल. या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती १९७८ ची, लिओ गिबास यांची, आणि आजची टीएफएमची रचना लाइल रॅमशॉ यांनी १९८० मध्ये ठरवली, तरी आजही टेक लाइव्ह या टेकच्या तयार संचासोबत आपोआप येतो आणि कधी अडला नाही. स्वभाव मात्र मजेशीर. रुंदीचा इंडेक्स चुकला असेल तर सांगून शून्य करतो, आणि फाइल फारच बिघडलेली असेल तर सॉरी म्हणून विचारतो की ही टीएफएमच आहे ना नक्की? ते "शून्य केलं" वाचून नुसतं पुढे जाऊ नका, ते अक्षर आता शेजारच्यावर चढणार आहे!

तक्रारी आहेत. साधी इंग्रजी अक्षरं आणि अंक सोडले तर बाकीच्यांचे नंबर ऑक्टलमध्ये (आठच्या पायावर) येतात, डोकं फिरतं. एका फॉन्टमध्ये शून्य धरून फक्त १६ वेगवेगळ्या उंच्या मावतात, त्यामुळे पीएलटूटीएफ जवळच्या उंच्या एकत्र करतो, वर तसं सांगतोही, पण कुठल्या अक्षराचं काय झालं ते सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे रचना बरोबर पण आकडा चुकीचा असला तर दोघंही गप्प, माझं ते ०.० त्यांना पूर्ण मान्य होतं. व्हर्च्युअल फॉन्टला (दुसऱ्या फॉन्टमधली अक्षरं जोडून बनवलेल्या) ही जोडी पुरत नाही, तिथे व्हीएफटूव्हीपी आणि व्हीपीटूव्हीएफ वापरायचे.

नवीन काम असेल तर कशाला हे सगळं, झीलेटेक ही लेटेकची नवी जात घ्या, ओपनटाइप फॉन्टला टीएफएम लागतच नाही. माझ्याकडे जुन्या आवृत्तीची सूची तशीच ठेवायची होती, पानं हलवून चालणार नव्हतं.

एक दुखणं अजून आहेच. जोडलेल्या खुणेपुढे टेक शब्द तोडत नाही, त्यामुळे लांबलचक सामासिक शब्द सरळ मार्जिनमध्ये घुसतात, आणि टी नंतर रेघवाला ए आला की केर्निंग (दोन अक्षरं जवळ ओढणं) पण जातं. टीएफएममध्ये कितीही आकडे बदला, ते सुटत नाही. त्यासाठी आडव्या रेघेची अक्षरं तयार असलेला व्हर्च्युअल फॉन्ट करावा लागेल, त्यासाठीचं फॉन्टइन्स्ट हे साधन उघडून बसलोय सध्या, तोपर्यंत तुटायच्या जागा हातानेच घालतोय.