सेशन स्टेट एसक्यूएल सर्व्हरमध्ये: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं एएसपी डॉट नेटचं (मायक्रोसॉफ्टचं वेब फ्रेमवर्क) ॲप्लिकेशन एकाहून जास्त सर्व्हरवर न्यायचं ठरलं, तेव्हा सेशन (रिक्वेस्टमागून रिक्वेस्ट जपून ठेवलेली प्रत्येक युजरची माहिती) इनप्रॉकमधून, म्हणजे ॲप्लिकेशनच्याच मेमरीतून, काढून एसक्यूएल सर्व्हर मोडमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्ये, टाकलं. ॲप पूल रीसायकल झाला, म्हणजे सर्व्हरवरची ॲप्लिकेशनची प्रोसेस नव्याने सुरू झाली, तरी कुणाचं लॉगिन जात नाही, एवढ्यासाठीसुद्धा हा मोड मला मनापासून आवडला. काही पानं मात्र पहिल्यापासूनच अडखळायला लागली.

अशा वेळी पहिला संशय डेटाबेसवर जातो. क्वेरीचा वेळ बघितला, तर तो नगण्य. प्रोफायलर लावल्यावर खरं कळलं: वेळ बायनरीफॉरमॅटरच्या (ऑब्जेक्टचे बाइट्स करणारा डॉट नेटचा क्लास) डीसीरियलाइझमध्ये, म्हणजे बाइट्समधून ऑब्जेक्ट परत उभा करण्यात, जात होता. इनप्रॉकमध्ये सेशनमधला ऑब्जेक्ट म्हणजे मेमरीतला नुसता रेफरन्स, त्यामुळे तो कितीही मोठा असला तरी जाणवत नाही. इथे तो हात लावला की बाइट्समधून नव्याने उभा राहतो, दर रिक्वेस्टला. स्ट्रिंग, इंट, डेटटाइम यांचं काम हलक्यात होतं. आपण लिहिलेले क्लास बायनरीफॉरमॅटरच्याच वाटेने जातात.

सगळ्यात जड निघाला डेटासेट, म्हणजे टेबलांचा डेटा मेमरीत धरणारा ऑब्जेक्ट. तो बायनरीफॉरमॅटरमधून गेला तरी आतून एक्सएमएलच लिहितो, हे अनेकांना माहीत नसतं. त्याची रिमोटिंगफॉरमॅट प्रॉपर्टी बायनरी केली आणि मोठ्या रिपोर्टचं पान लगेच हलकं झालं. एका ओळीत एवढा फायदा क्वचितच मिळतो.

सेशन जड करणारी दुसरी जागा शोधायला वेळ लागला. सेशनमध्ये ठेवलेला एक छोटा क्लास होता, चार-पाच प्रॉपर्टींचा. तरी डेटाबेसमध्ये सेशन साठतं त्या टेबलमधल्या सेशनआयटमलाँग कॉलमची डेटालेंग्थ (किती बाइट्स ते) बघितली, तर आकडा भलताच मोठा. (७००० बाइट्सपर्यंतचं सेशन सेशनआयटमशॉर्टमध्ये मावतं, त्यापुढचं इकडे येतं.) त्या क्लासवर एक इव्हेंट होता, त्याला जोडलेला हेल्पर ऑब्जेक्ट आणि त्या हेल्परमधली अख्खी यादी, सगळंच सोबत सीरियलाइझ होत होतं, म्हणजे बाइट्स करून साठवलं जात होतं. इव्हेंटवर 'फील्ड: नॉनसीरियलाइज्ड' (हे सीरियलाइझ करू नको, अशी खूण) लावल्यावर आकडा एकदम खाली आला. मोठा ग्राफ (एकमेकांना जोडलेल्या ऑब्जेक्टचं जाळं) शोधायला ही डेटालेंग्थची क्वेरी मला कुठल्याही टूलपेक्षा जास्त उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. बदलता येणारा ऑब्जेक्ट सेशनमधून नुसता वाचला, तरी सेशन 'डर्टी' (बदललेलं) धरलं जातं आणि रिक्वेस्ट संपताना पूर्ण सेशन परत लिहिलं जातं. म्हणजे हेडरमध्ये नाव दाखवायला अख्खा युजर ऑब्जेक्ट काढला, की येताना आणि जाताना दोन्हीकडे भुर्दंड. आम्ही नाव वेगळ्या स्ट्रिंगमध्ये ठेवलं.

लॉकचंही बघा, म्हणजे एक रिक्वेस्ट सेशन वापरत असताना ते दुसरीसाठी बंद असतं. एकाच सेशनच्या दोन रिक्वेस्ट एकदम आल्या, तर दुसरी थांबते आणि अर्ध्या सेकंदाने पुन्हा विचारते. एजॅक्सच्या (पान न बदलता मागून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या) पानांवर हा उशीर डीसीरियलाइझेशनचा वाटतो, पण तसा नसतो. जिथे फक्त वाचायचं असतं, तिथे आम्ही पानाचं एनेबलसेशनस्टेट हे सेटिंग रीडओन्ली केलं.

डॉट नेट ४.० पासून सेशनच्या कॉम्प्रेशनची सोय आहे. त्याने नेटवर्कवरचा भार घटतो, पण ऑब्जेक्ट उभा करायचा वेळ तेवढाच राहतो. डॉट नेट ९ मध्ये तर बायनरीफॉरमॅटर चालतच नाही, वापरला की एक्सेप्शन. म्हणून नवीन कोडमध्ये आम्ही सेशनमध्ये फक्त आयडी ठेवतो आणि बाकीचं कॅशमधून घेतो. जुनी पानं एकेक करून त्याच पद्धतीवर नेणं चालू आहे.