खांबावर चढण्याआधी: सिस्को यूबीआर7246व्हीएक्सआरच्या कमांड्स कितपत कामाच्या?

केबल इंटरनेटची तक्रार आली की पहिला प्रश्न एकच असतो: लाइनमनला शिडी घेऊन पाठवायचं, की सर्व्हर बघणाऱ्याला फोन करायचा? सिस्कोचा यूबीआर7246व्हीएक्सआर हा हेडएंडमध्ये, म्हणजे केबल कंपनीच्या मुख्य केंद्रात, बसणारा जुना सीएमटीएस, म्हणजे सगळ्या केबल मोडेमांशी बोलणारा राउटर, याचं उत्तर कमांड लाइनवर मिनिटभरात देतो. वेगाच्या हिशेबात त्याचे दिवस सरले. सिस्कोनेच पुढे सीबीआर-8 आणला. पण मोडेम तपासायच्या कमांड्स तिकडेही बऱ्याचशा याच आहेत, त्यामुळे या डब्यावर बसलेला हात नव्या यंत्रावरही चालतो. म्हणून हा रिव्ह्यू त्याच्या थ्रूपुटचा नाही, निदानाच्या कमांड्सचा आहे.

आधी हार्डवेअर, थोडक्यात. पुढच्या बाजूला सहा स्लॉट. 1 आणि 2 पोर्ट ॲडॅप्टरसाठी, 3 ते 6 केबल कार्डांसाठी. एमसी16सी हे जुनं कार्ड एक डाउनस्ट्रीम (मोडेमकडे जाणारा मार्ग) आणि सहा अपस्ट्रीम (मोडेमकडून परत येणारे मार्ग) देतं, पण अपकन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल केबलवरच्या फ्रिक्वेन्सीवर चढवणारं यंत्र, बाहेरून जोडावा लागतो. एमसी28यू दोन डाउनस्ट्रीम, आठ अपस्ट्रीम देतं आणि अपकन्व्हर्टर त्याच्या पोटातच असतो. नवशिके हमखास इथे फसतात: एमसी16सी वर कॉन्फिगमध्ये लिहिलेली डाउनस्ट्रीम फ्रिक्वेन्सी नुसती नोंद असते. खरी फ्रिक्वेन्सी बाहेरच्या अपकन्व्हर्टरवर ठरते. दोन्हीकडे वेगळे आकडे असले तरी राउटर चकार शब्द काढत नाही.

आता मुख्य कमांड, ‘शो केबल मोडेम’. एका मोडेमला एक ओळ: मॅक ॲड्रेस (मोडेमचा कायमचा हार्डवेअर क्रमांक), आयपी, कुठल्या कार्डाच्या कुठल्या अपस्ट्रीमवर आहे, स्थिती, रिसीव्ह पॉवर, टायमिंग ऑफसेट (सिग्नलला जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेची दुरुस्ती), मागे किती कॉम्प्युटर किंवा राउटर आहेत. यातला स्थितीचा रकाना हेच या यंत्राचं सर्वांत मोठं बलस्थान. मोडेम चालू होताना ज्या पायऱ्या चढतो, त्यातल्या कुठल्या पायरीवर तो अडकला ते इथे सरळ लिहिलेलं असतं.

‘इनिट(आर1)’ म्हणजे मोडेमची पहिली हाक सीएमटीएसपर्यंत पोचली. ‘इनिट(आर2)’ म्हणजे सीएमटीएसने पॉवर आणि वेळ दुरुस्त करायला सांगितलं आहे आणि जुळवाजुळव चालू आहे. ‘इनिट(आरसी)’ म्हणजे ती पूर्ण झाली. इथवर अडकलं तर गोष्ट तारेची आहे: टॅप (मुख्य तारेतून घरांना फाटे देणारा डबा), स्प्लिटर, कनेक्टर, ॲम्प्लिफायरचा परतीचा मार्ग. आर1 आणि आर2 मध्येच झोके घेणारा मोडेम बहुतेक वेळा पॉवर पुरत नसल्यामुळे अडकलेला असतो. ओळ कायम ‘ऑफलाइन’ असेल, तर मोडेमला डाउनस्ट्रीमच सापडत नसेल, त्याची हाक वाटेत विरत असेल किंवा गिऱ्हाइकाने प्लग काढून तिथे मिक्सर लावला असेल. तिसरी शक्यता फोनवर विचारून घ्यावी.

‘इनिट(डी)’ पासून पुढे लाइनमनचं काम नाही. मोडेमने डीएचसीपीकडे, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडे, आयपी मागितला आहे आणि उत्तर आलेलं नाही. एकच मोडेम असेल तर सर्व्हरवर त्याची नोंद बघा. एका केबल इंटरफेसवरचे सगळे अडकले असतील तर त्या इंटरफेसखाली ‘केबल हेल्पर-ॲड्रेस’, म्हणजे मागणी सर्व्हरपर्यंत पोचवणारी ओळ, आहे का बघा. तो आहे आणि तरीही अडलं, तर सर्व्हरवरून मोडेमांच्या नेटवर्ककडे परतीचा रूट आहे का तपासा. तपासणी सोपी: राउटरवरून सर्व्हरला पिंग करा, पण सोर्स म्हणून केबल इंटरफेसचा ॲड्रेस द्या. साधा पिंग बाहेरच्या इंटरफेसच्या ॲड्रेसवरून जातो, यशस्वी होतो आणि आपल्याला चकवतो.

‘इनिट(आय)’ म्हणजे आयपी मिळाला, पुढचं अडलं. ‘इनिट(टी)’ वर वेळ विचारणं चालू असतं. वेगळा टाइम सर्व्हर नसेल तर ‘केबल टाइम-सर्व्हर’ ही एक ओळ टाकली की राउटर स्वतःच वेळ सांगतो. ‘इनिट(ओ)’ म्हणजे टीएफटीपीवरून (फाइल उतरवायच्या साध्या पद्धतीने) कॉन्फिग फाइल उतरते आहे. इथे अडकलं तर फाइलचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. लिनक्सवरच्या सर्व्हरला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक चालत नाही. ‘रिजेक्ट(एम)’ दिसलं की कॉन्फिग फाइल बनवताना वापरलेला गुप्त शब्द आणि इंटरफेसवरचा ‘केबल शेअर्ड-सीक्रेट’ जुळत नाहीत असं समजायचं. ‘रिजेक्ट(सी)’ असेल तर फाइलमधली सर्व्हिस क्लासची व्याख्या चुकली आहे.

‘ऑनलाइन(पीटी)’ बघून घाबरू नये. एन्क्रिप्शनची किल्ली मिळाली, इतकाच त्याचा अर्थ. ‘ऑनलाइन(डी)’ मात्र फसवा. मोडेम रजिस्टर झालेला असतो, पुढचे दिवे हिरवे असतात, पण कॉन्फिग फाइलमध्येच नेटवर्क ॲक्सेस बंद ठेवलेला असतो. बिल थकलेल्या गिऱ्हाइकाला असं बंद करायची पद्धत आहे. पैसे भरल्यावर फाइल बदलतात आणि मोडेम रीसेट करायचा विसरतात. ‘क्लिअर केबल मोडेम’, पुढे मॅक, पुढे ‘रीसेट’, एवढंच राहिलेलं असतं.

मोठ्या यादीत शोधण्यासाठी पाइप (| ही खूण) वापरा, पण ‘इन्क्लूड’पुढे कंस टाकू नका. तिथे रेग्युलर एक्सप्रेशन (नमुना जुळवून शोधायची भाषा) चालतं आणि कंसाला वेगळा अर्थ असतो. नुसतं ‘इन्क्लूड इनिट’ पुरतं.

रिसीव्ह पॉवरच्या रकान्यात एक सापळा आहे. सगळ्यांचा आकडा शून्याच्या आसपास दिसला की लाइन उत्तम आहे असं वाटतं. तसं मुळीच नसतं. सीएमटीएस प्रत्येक मोडेमला ‘जरा जोरात’, ‘जरा हळू’ असं सांगत त्याचा सिग्नल शून्य डीबीएमव्हीवर (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आणून बसवतो. म्हणजे शून्य हे सीएमटीएसच्या हुकमाचं फळ आहे. तो पाळताना मोडेम 42 डीबीएमव्हीवर निवांत बोलतोय की 54 वर घसा फोडतोय, ते या रकान्यात कळत नाही. आकड्याशेजारी उद्गारचिन्ह आलं तेव्हाच कळतं की मोडेमची ताकद संपली. डॉक्सिस या केबल इंटरनेटच्या मानकाच्या जुन्या आवृत्त्यांत मोडेमची कमाल मर्यादा क्यूपीएसकेला 58 आणि 16 क्वॉमला 55 डीबीएमव्ही आहे; या दोन्ही सिग्नलवर डेटा चढवायच्या पद्धती. 40 ते 50 मध्ये असलेला मोडेम सुखी समजावा. ‘पॉवर-ॲडजस्ट कंटिन्यू’ ची मर्यादा मुळातल्या 2 डीबीवरून 4 किंवा 6 केली की उद्गारचिन्हवालेही ऑनलाइन राहतात. पण ती जखमेवरची पट्टी. खराब टॅप तिथेच असतो.

टायमिंग ऑफसेटकडे फारसं कोणी बघत नाही, आणि ते चुकतं. हा आकडा 6.25 मायक्रोसेकंदाच्या 64व्या भागात मोजतात, म्हणजे एक अंक सुमारे 98 नॅनोसेकंद. वेळ जाऊन-येऊन असल्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन मोडेमांत 100 चा फरक असेल, तर फायबरवर ते साधारण एक किलोमीटर आणि कोॲक्सवर (तांब्याच्या केबलवर) सव्वा किलोमीटरच्या फरकाने बसलेले आहेत. वेगळ्या कंपन्यांच्या मोडेमांची तुलना करू नका, त्यांच्या आतल्या विलंबातच फरक असतो. नकाशा जुना असेल आणि मोडेम नेमका कुठल्या टोकाला आहे ते कळत नसेल, तेव्हा हा आकडा हाताशी येतो.

या डब्यातली सर्वांत गुणी कमांड मात्र ‘शो केबल फ्लॅप-लिस्ट’. तिच्यावर वेळ घालवा. चालू-बंद होणारे, चुकणारे, सारखी पॉवर बदलणारे मोडेम ती आपणहून टिपून ठेवते. ‘इन्स’ म्हणजे मोडेम किती वेळा लवकर-लवकर पुन्हा रजिस्टर झाला, आणि ‘लवकर’ची मुळातली व्याख्या 180 सेकंद आहे. ‘हिट’ आणि ‘मिस’ म्हणजे सीएमटीएसच्या हाकेला किती वेळा ओ मिळाली, किती वेळा नाही. ‘पी-ॲडज’ म्हणजे 2 डीबीपेक्षा मोठा पॉवरबदल किती वेळा करावा लागला. सलग 16 हाका चुकल्या की मोडेम ऑफलाइन.

हे आकडे सुटे वाचू नयेत, एकमेकांशेजारी ठेवावेत. समजा एका मोडेमचे इन्स 38, हिट 21,400, मिस 160 आणि पी-ॲडज शून्य आहेत. तार ठणठणीत आहे, हा बिचारा पुन्हा पुन्हा उठून रजिस्टर होतोय: डीएचसीपी, कॉन्फिग फाइल नाहीतर मोडेमचा ॲडॅप्टर. दुसऱ्याचे इन्स 2, हिट 19,000, मिस 2,300, पी-ॲडज 740. याच्या वाटेत काहीतरी हलतंय: सैल एफ कनेक्टर, वाऱ्यावर झुलणारी ड्रॉप केबल (टॅपपासून घरापर्यंतची तार), ॲम्प्लिफायरमधला कच्चा सोल्डर. एका ॲम्प्लिफायरमागच्या सगळ्यांचाच पी-ॲडज चढला असेल, तर घराघरांत हिंडू नका, त्या ॲम्प्लिफायरचं झाकण उघडा. यादी सकाळी ‘क्लिअर केबल फ्लॅप-लिस्ट ऑल’ने पुसावी, दुपारी एकदा आणि रात्री एकदा बघावी. दुपारीच भरणारी यादी उष्णतेने प्रसरण पावणाऱ्या जोडाकडे बोट दाखवते. पावसाच्या सरीनंतर भरणारी यादी पाणी शिरलेल्या जोडाकडे.

आता ज्या आकड्यावर लोक नको तितका विश्वास टाकतात तो. ‘शो कंट्रोलर्स केबल 3/0 अपस्ट्रीम 0’ मध्ये एसएनआर, म्हणजे आवाजाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे तो आकडा, मिळतो, 33.256 असा दशांशांपर्यंत. दशांश बघून भुलू नका. चिप मोडेमांकडून आलेल्या बर्स्टवरून (सिग्नलच्या छोट्या तुकड्यांवरून) सरासरी अंदाज काढते. मोटारीच्या ठिणग्यांसारखा क्षणभराचा आवाज त्या सरासरीत बुडून जातो. आकडा 30 आणि गिऱ्हाईक म्हणतंय की व्हिडिओ कॉल तुटतोय, अशा वेळी ‘शो केबल हॉप’ द्या. शेवटच्या दोन रकान्यांत एफईसीने, म्हणजे आपोआप चुका सुधारणाऱ्या पद्धतीने, दुरुस्त झालेल्या आणि न झालेल्या चुका दिसतात. कमांड एकदा द्या, पाच मिनिटांनी पुन्हा द्या, वजाबाकी करा. न दुरुस्त होणाऱ्या चुका सारख्या वाढताना दिसल्या तर क्षणिक आवाज आहे असं धरून चला, एसएनआर काहीही म्हणो.

हा आवाज शोधणं जिकिरीचं असतं. अपस्ट्रीमवर सगळ्या घरांचा कचरा नाल्यासारखा एकाच पोर्टवर येऊन पडतो, एका घरातला उघडा स्प्लिटर अख्ख्या नोडला (फायबर संपून कोॲक्स सुरू होते त्या पेटीला आणि तिच्यामागच्या घरांना) छळतो. एकाने कन्सोलवर बसायचं, दुसऱ्याने नोडवर परतीच्या एकेका शाखेचा पॅड (सिग्नल कमी करणारा छोटा प्लग) काढायचा. ज्या शाखेचा पॅड निघताच चुका थांबतात, त्या शाखेवरच्या पुढच्या ॲम्प्लिफायरवर जायचं आणि तेच पुन्हा. रिकाम्या टॅप पोर्टांना 75 ओमचे टर्मिनेटर लावणं हे कंटाळवाणं काम निम्मी डोकेदुखी वाचवतं.

एमसी28यू कार्डावर ‘शो केबल मोडेम फाय’ प्रत्येक मोडेमचा वेगळा एसएनआर देते. सगळ्यांचा पडलेला असेल तर पोर्टचा दोष, एकाचाच असेल तर त्या घराची तार. याच तक्त्यात मोडेमची स्वतःची ट्रान्समिट पॉवर आणि त्याला मिळणारा डाउनस्ट्रीमही येतो, पण फुकट नाही. ‘केबल मोडेम रिमोट-क्वेरी’, पुढे सेकंद आणि एसएनएमपी (यंत्रांना दुरून आकडे विचारायची पद्धत) कम्युनिटी, म्हणजे त्यासाठीचा पासवर्डसारखा शब्द, असं आधी चालू करावं लागतं. कम्युनिटी जुळली नाही तर आकडे येतच नाहीत. हजारभर मोडेम असतील तर 30 सेकंदांची घाई करू नका, प्रोसेसरला इतर कामं आहेत. आकडे आल्यावर डाउनस्ट्रीम उणे 15 ते अधिक 15 डीबीएमव्हीमध्ये हवा. 256 क्वॉमला एसएनआर किमान 30 डीबी, आणि सिग्नल उणे 6 च्या खाली असेल तर 33.

‘पिंग डॉक्सिस’ ही छोटी पण गोड सोय. आयपी नसलेल्या मोडेमलाही मॅक ॲड्रेसवरून ती हाक मारते. पाचपैकी पाच उत्तरं आली आणि आयपी पिंग मात्र जात नाही, तर तार सोडा, रूटिंग बघा.

उणिवाही सांगायला हव्यात. माहिती चार ठिकाणी विखुरलेली आहे, एका पोर्टचं चित्र हवं तर तीन-चार कमांड्स फिरवाव्या लागतात. इतिहास जवळपास नाहीच, ‘शो केबल मोडेम कनेक्टिव्हिटी’ किती वेळा आणि किती टक्के वेळ ऑनलाइन होता एवढंच सांगते. आलेख हवे असतील तर बाहेरून एसएनएमपीने गोळा करा. आणि डीबग हे दुधारी शस्त्र आहे. आधी ‘डीबग केबल मॅक-ॲड्रेस’ने एकच मोडेम नेमायचा, मगच ‘डीबग केबल रेंज’ द्यायचं. त्याआधी ‘नो लॉगिंग कन्सोल’. हे विसरून चालत्या यंत्रावर डीबग सोडलं तर 9600 बॉडच्या कन्सोलवर संदेश ओतता ओतता राउटर दमतो, आणि एका मोडेमसाठी सगळे मोडेम गमावून बसायची वेळ येते.

शिकायला किंवा लॅबसाठी जुना डबा घेत असाल तर पैसे देण्याआधी ‘शो व्हर्जन’ आणि ‘शो डायग’ समोर चालवून घ्या. कार्ड एमसी16सी आहे की एमसी16ई ते बघा. पहिलं 6 मेगाहर्ट्झच्या अमेरिकन चॅनेलसाठी, दुसरं 8 मेगाहर्ट्झच्या युरोडॉक्सिससाठी. मोडेम आणि कार्ड वेगवेगळ्या जातीचे निघाले तर दोघं जन्मात बोलणार नाहीत. एमसी28यू दोन्हीकडे चालतं, पण युरोपियन फ्रिक्वेन्सीसाठी ‘केबल फ्रेक-रेंज युरोपियन’ द्यावं लागतं, नाहीतर 42 मेगाहर्ट्झच्या वरचा अपस्ट्रीम तो घेत नाही. शेवटी ‘शो व्हर्जन’च्या तळाशी कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटर कसा सुरू व्हावा ते ठरवणारा आकडा, बघा. 0x2102 हवं. 0x2142 असेल तर आधीच्या मालकाने पासवर्ड तोडून ते तसंच सोडलं आहे, आणि तुम्ही रात्रभर बसून केलेलं कॉन्फिग पहिल्या रीबूटला राउटर वाचणारही नाही.