'क्वारंटाइन केलेले मासे' या तीन शब्दांसाठी मी २८,५०० रुपये मोजले

गेल्या जूनमध्ये आमच्या ठाण्याच्या घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीतले नऊपैकी आठ मासे पाच दिवसांत मेले. टाकी चार फुटी, पाणी सुमारे २५० लिटर, आणि सहा वर्षे ती व्यवस्थित चाललेली. त्या वेळची चूक माझीच होती, कारण दुकानातून आणलेला पावडर ब्लू टँग हा मासा मी वेगळा न ठेवता थेट टाकीत सोडला होता. तिसऱ्या दिवशी तो वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या, झोतासमोर तोंड करून एका जागी उभा राहू लागला, कल्ल्यांची उघडझाप वाढली, आणि चौथ्या दिवशी टॉर्च तिरपा धरून पाहिले तेव्हा त्याच्या अंगावर पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसली. हा मरीन वेल्व्हेट, म्हणजे अमायलोओडिनियम नावाचा एकपेशीय परजीवी. तो बहुधा आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंगावर काही दिसेपर्यंत मासा गुदमरू लागलेला असतो. वाचला तो एकच क्लाऊनफिश, माझ्या मुलीने ती चौथीत असताना स्वतः निवडलेला.

टाकी पुन्हा उभी करण्यासाठी ओळखीतून एका माणसाचे नाव मिळाले. तो घरोघरी जाऊन टाक्यांची देखभाल करतो आणि मासेही विकतो. घरी आल्यावर त्याने रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने पाण्याचा खारेपणा पाहिला, तो १.०२५ असल्याचे सांगून मान हलवली आणि म्हणाला, "दहा दिवसांत टाकी परत भरून देतो, तुम्ही काळजी करू नका." २८,५०० रुपयांत तो एक औषध देणार होता, जे परजीवी मारेल पण गोगलगाईंना आणि खडकावरच्या जीवांना अपाय करणार नाही. सोबत पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या बॅक्टेरियाची बाटली आणि तीस दिवस परजीवी मारणाऱ्या तांब्याच्या औषधात ठेवलेले, क्वारंटाइन झालेले चार मासे. क्लाऊनफिश बाहेर काढावा का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला की जो मासा यातून तगला तो आता पक्का झाला, त्याला हलवू नका.

हे बोलणे किती चुकीचे होते ते मला नंतर समजले. परजीवीला जगायला मासा लागतो. टाकीत एकही मासा नसेल तर त्याची पिल्ले यजमान न मिळाल्याने मरतात, आणि एक जरी मासा राहिला तरी चक्र चालू राहते. म्हणून टाकी माशांविना रिकामी ठेवतात. वेल्व्हेटसाठी साधारण सहा आठवडे सांगितले जातात, परंतु पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवीही सोबत असण्याची शक्यता धरून अनुभवी लोक ७६ दिवस थांबतात. तेवढे दिवस रिकामी काच पाहणे घरच्यांना नकोसे होते, आणि त्या माणसाने नेमके तेच हेरले होते. मुलगी रोज संध्याकाळी टाकीसमोर बसायची. मी त्याच दिवशी यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवली, पावती मागितली नाही.

मासे देण्याआधी त्याने खात्री पटवण्यासाठी मला अठरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. "हे बघा तुमचे मासे, आज पंचविसावा दिवस." मी तो घरातल्या सगळ्यांना दाखवला आणि आम्ही सगळे फक्त मासेच पाहत राहिलो. दुसऱ्यांदा सगळे संपल्यावर एका रात्री मी तोच व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. डाव्या कोपऱ्यात, दगडाच्या कडेवर, पाठीवर लाल-पांढरे पट्टे असलेली क्लीनर श्रिम्प ही कोळंबी आरामात मिशा हलवत बसली होती. मासे बरे करण्याइतके तांबे ज्या पाण्यात असते त्या पाण्यात कोळंबी तगत नाही. शिवाय खाली वाळू होती आणि मागे खडक होते, तर वाळू आणि खडक तांबे शोषून घेतात, म्हणून जाणकार माणूस औषधाच्या टाकीत या दोन्ही गोष्टी ठेवतच नाही. तिथे माशांना लपायला नुसते पीव्हीसी पाइपचे तुकडे असतात. मी पाहिली ती त्याची विक्रीची टाकी होती. तीस दिवस सोडा, त्या माशांना एक दिवसही तांबे मिळालेले नव्हते.

दुसरा पुरावा घरातच होता. मासे ज्या थर्माकोलच्या खोक्यातून आले ते मी गच्चीवर टाकले होते. त्याच्या बाजूला विमान कार्गोचे अर्धे फाटलेले लेबल होते आणि त्यावर आमच्याकडे मासे आले त्याच्या आदल्याच दिवसाची तारीख होती.

मासे टाकीत सोडल्यावर सहाव्या दिवशी चारही गेले. सातव्या दिवशी सकाळी क्लाऊनफिश हीटरच्या मागे आडवा सापडला. त्याला मी स्वतः बाहेर काढले, आणि हे लिहिताना मला अजूनही त्रास होतो, कारण पहिल्या साथीतून जगलेल्या त्या माशाला मी वेळीच दुसऱ्या भांड्यात हलवले असते तर तो वाचण्याची शक्यता होती.

विक्रेत्याने आधी आमच्या पाण्याला दोष दिला, मग फोन उचलणे बंद केले. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्हिडिओ, लेबलचा फोटो, यूपीआयची नोंद आणि आमचे संभाषण हे सगळे जोडले, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार असल्याचे त्याला लेखी कळवले. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाकडे शुल्क भरावे लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. हे अनेकांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. त्यानंतर त्याने १८,००० रुपये परत केले. औषधाचे पैसे दिले नाहीत. लेबल नसलेल्या त्या बाटलीत काय होते, हेही त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही.

कोणी 'क्वारंटाइन केलेला' म्हणून मासा दाखवला तर तो कोणत्या औषधात, किती प्रमाणात, किती दिवस होता हे विचारावे. चिलेटेड तांबे, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी बांधलेले तांबे, साधारण लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम ठेवतात, आणि टेस्ट किट त्याच प्रकारच्या तांब्यासाठी असावे लागते. विक्रेत्याने आपल्यासमोर त्या पाण्याची चाचणी करावी, अशी मागणी जरूर करावी. त्या टाकीत कोळंबी, गोगलगाय किंवा प्रवाळ दिसला तर तिथून निघून यावे.

आमच्या मुख्य टाकीत मासा नसल्याला आज ६१ दिवस झाले. गोगलगाई आहेत, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर चालू आहे. गेल्या पंधरवड्यात मी कुर्ल्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराला हेच प्रश्न विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, माझ्याकडे क्वारंटाइन होत नाही. माल आला की विकतो. तुम्ही घरी ठेवा." त्याच्याकडूनच मी दोन लहान क्लाऊनफिश घेतले. ते आतल्या खोलीत साठ लिटरच्या टबमध्ये, दोन पाइपांच्या तुकड्यांसोबत आहेत. त्यांची जाळी आणि बादली वेगळी ठेवली आहे, आणि तांब्यातला त्यांचा आज अकरावा दिवस आहे.