वायपरचं पाणी: घोडबंदर रोडवर हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला आमच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकची वॉशर यंत्रणा, म्हणजे काचेवर पाणी मारणारी यंत्रणा, जवळपास नव्याने उभी केली. मोटर बदलली, सरळ धारेच्या नोझलऐवजी पंख्यासारखा फवारा मारणारी नोझल बसवली, पाइपात पाणी मागे जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह टाकला आणि वॉशरच्या पाण्याच्या बाटलीत काय भरायचं ते कायमचं ठरवून टाकलं. तेव्हापासून ठाण्यातलं कासारवडवली ते नवी मुंबईतलं महापे हा रोजचा रस्ता त्यावरच चालू आहे. मधे अख्खा उन्हाळा गेला आणि पावसाळाही सरत आला. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगतो, या सगळ्यांत सर्वाधिक फरक बाटलीतल्या पाण्याने पडला. मोटर आणि नोझल त्याच्या नंतर.

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, शिवाय जेएनपीटी बंदराहून गुजरातकडे जाणारी जड वाहतूक याच रस्त्याने जाते. कोरड्या दिवसांत सिमेंटची आणि मातीची बारीक धूळ काचेवर बसते, तिच्यात डंपरचा काळा धूर मिसळतो आणि एक तेलकट पापुद्रा तयार होतो. सकाळी कासारवडवलीहून माजिवड्याकडे येताना सूर्य समोर असतो. तो पापुद्रा काचेवर असताना उन्हाची तिरीप आली की समोरचं सगळं पांढरं होतं आणि पुढच्या रिक्षाचा ब्रेक लाइटसुद्धा दिसत नाही. अशा वेळी नुसता वायपर फिरवला तर धूळ रबराखाली घासली जाते आणि काचेवर अर्धगोल ओरखडे उठतात. ते पुन्हा जात नाहीत. रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्या ओरखड्यांवर फुटून डोळ्यांवर येतात. म्हणून मी वॉशरला ब्रेक आणि दिव्यांच्या पंक्तीत बसवतो. गाडी घेताना लोक टचस्क्रीन किती इंचांचा ते विचारतात, वॉशरची बाटली किती लिटरची आहे हे कोणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाडी आमच्याकडे आली तेव्हाच एका नोझलमधून पाणी येत नव्हतं आणि दुसऱ्याची धार काचेच्या खालच्या कडेलाच संपत होती. एका ठिकाणी अख्खी बाटली आणि मोटर दोन्ही बदलायला सांगितलं. मग वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वयस्कर मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी मला आत बसवून स्टिअरिंगजवळचा वॉशरचा लिव्हर ओढायला लावला आणि स्वतः पुढच्या चाकापाशी वाकून कान दिला.

"मोटर फिरतेय साहेब. आवाज येतोय बघा. आता पाणी कुठे अडतंय ते शोधू."

ही तपासणी कोणालाही करता येते. लिव्हर ओढल्यावर 'घूं' असा आवाज आला नाही तर आधी फ्यूज बघायचा, मग मोटरचं कनेक्टर, आणि ते दोन्ही ठीक असतील तरच मोटरवर संशय घ्यायचा. आवाज येतोय पण पाणी नाही, तर बोनेटखाली नोझलच्या मागचा पाइप काढायचा आणि पुन्हा लिव्हर ओढायचा. पाइपातून जोरात धार आली म्हणजे नोझल तुंबलंय. तिथेही धार मेलेली असेल तर दोष खाली आहे: पाइप कुठेतरी दुमडलाय, फुटलाय किंवा मोटरच्या तोंडाची जाळी भरलीय. आमच्याकडे एक नोझल तुंबलेलं होतं आणि खालूनही जोर कमी होता. शिवाय पुढचा लिव्हर ओढला की मागच्या काचेवर पाणी ठिबकायचं. बऱ्याच हॅचबॅकमध्ये एकच मोटर दोन्हीकडे पाणी देते. एका दिशेने फिरली की पुढे, उलट फिरली की मागे, आणि मधला पातळ रबरी पडदा दुसरी वाट बंद करतो. तो पडदा सैल पडला की असं ठिबकतं. म्हणून मोटर बदलावी लागली. बाटली मात्र अगदी धडधाकट होती, तिला हात लावायची गरजच नव्हती.

ही मोटर बाटलीच्या अगदी तळाशी, रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्यात, दाबून बसवलेली असते. त्यालाही कारण आहे. आत छोटी पाती फिरून पाणी बाहेर फेकतात, पण तिला पाणी वर खेचून घेता येत नाही. पाणी आपल्या वजनाने तिच्यात उतरावं लागतं. आणि तेच पाणी तिला थंड ठेवतं. म्हणून बाटली रिकामी असताना लिव्हर ओढून धरणं हा मोटर मारण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. पाणी असलं तरी सलग दहा सेकंदांच्या वर ओढू नये, थोडं थांबून पुन्हा ओढावं.

बदलताना चाकाच्या आतलं प्लास्टिकचं आवरण सोडवावं लागलं आणि जुनी मोटर उपसताच उरलेलं पाणी भसकन बाहेर आलं, तेव्हा खाली बादली हवीच. ती जाळी मी हातात घेऊन पाहिली. नखाएवढी जाळी, आणि तिच्यावर हिरवट बुळबुळीत थर, त्यात पांढऱ्या क्षाराच्या कपच्या अडकलेल्या. बाटली आतून धुतली तेव्हा तशाच कपच्या खळखळत बाहेर आल्या. नवीन मोटर ग्रोमेटमध्ये बसवताना काकांनी साबणाचं पाणी लावलं. ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, त्याने हे रबर फुगतं आणि मग तिथूनच गळती सुरू होते.

नोझलबद्दल. जुनी नोझल दोन बारीक धारा मारायची. तिच्यातला गोळा टाचणीने फिरवून नेम धरता येतो, आणि नेम काचेच्या मध्याच्या थोडा वर धरावा, कारण गाडी वेगात असताना वारा धार खाली दाबतो. नवीन फवारा नोझलच्या आत एकही हलता भाग नसतो. आतल्या पोकळीचा आकारच असा असतो की पाणी झपाट्याने डावी-उजवीकडे झुलत बाहेर पडतं आणि पंखा तयार होतो. एका ओढीत अर्धी काच भिजते आणि पाणीही कमी लागतं. वापरून सांगतो, शहरातल्या वेगाला ही फार चांगली. पण मुलुंड-ऐरोली पुलावर खाडीचा वारा आडवा येतो, तेव्हा फवाऱ्यातलं बरंच पाणी काचेवर न पडता उडून जातं. शेजारच्या दुचाकीवाल्याच्या अंगावरही जातं, म्हणून सिग्नलला कोणी बाजूला उभं असेल तर मी लिव्हर ओढत नाही. मोटर कमजोर असेल तर या नोझलचा पंखा उघडतच नाही, नुसती थुंकी पडते. त्यामुळे जुन्या मोटरवर फक्त नोझल बदलून पैसे वाया घालवू नका.

व्हॉल्व्हचा खर्च सगळ्यात कमी आणि समाधान मोठं. तो नसेल तर प्रत्येक वापरानंतर पाइपातलं पाणी परत बाटलीत उतरतं आणि पुढच्या वेळी लिव्हर ओढल्यावर दीड-दोन सेकंद काहीच होत नाही, वायपर मात्र कोरड्या काचेवर फिरायला लागतो. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर धूसर काचेतून. व्हॉल्व्ह लावल्यापासून पाणी वायपरच्या आधी पोचतं. काही नोझलमध्ये तो आतच असतो, विकत घेताना विचारून घ्या.

आता पाण्याचं. घोडबंदर पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर चालतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. नोझलच्या तोंडाशी राहिलेला थेंब रोज वाळतो, क्षार तिथेच राहतो, आणि भोक मुळात टाचणीच्या टोकाएवढं. वर इंजिनची धग. महिन्यागणिक भोक बारीक होत जातं. अशा नोझलमध्ये लोक बाहेरून सुई घालतात, त्याने खडा आत ढकलला जातो. नोझल काढून रात्रभर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी मागच्या बाजूने हवा मारा. क्षार विरघळून निघतो. आमचं तुंबलेलं जुनं नोझल असंच मोकळं झालं, आता सुटं म्हणून डिकीत ठेवलंय.

मी बाटलीत प्यायच्या आरओचं पाणी भरतो. आरओमधून बाजूला पडणारं वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही नाही, कारण त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा. एसीचं ठिबकणारं पाणी क्षाराच्या दृष्टीने हलकं असतं, पण कॉइलवरची धूळ आणि बुळबुळ घेऊन येतं, त्यामुळे ते मी टाळलं.

शाम्पूची पुडी हा आपल्याकडचा सर्रास उपाय. घाण निघते हे खरं, पण फेस काचेवर राहतो, वाळल्यावर पापुद्रा धरतो आणि रात्रीच्या दिव्यांत काच धुरकट दिसते. कपड्यांची पावडर तर नकोच, न विरघळलेले कण थेट जाळीत जाऊन बसतात. मी वॉशरसाठी मिळणारं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाण्यात मिसळायचं दाट द्रावण, वापरतो, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. जास्त घातलं तर रेघा उठतात. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, त्यामुळे थंड देशांसाठीचं महाग द्रावण घेऊ नये. गोळ्याही वापरून पाहिल्या, त्या चालतात, पण आधी वेगळ्या बाटलीत पूर्ण विरघळवून, गाळून मग ओतायच्या. पाणी झटकणारं लेपवालं द्रावण मात्र मला मानवलं नाही. दोन-तीन आठवड्यांत वायपर थरथरायला लागला, नेहमीच्या द्रावणावर आलो तेव्हा थांबला.

नुसतं पाणी भरण्यात आणखी एक धोका आहे. २०१० मध्ये ब्रिटनच्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीच्या संशोधकांनी लिजिओनेअर्स या न्यूमोनियासारख्या आजारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वॉशरमध्ये द्रावण न घालता नुसतं पाणी वापरणाऱ्या चालकांना धोका जास्त दिसला. या आजाराचा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि फवाऱ्यातून श्वासात जातो. ठाण्याच्या मे महिन्यात बोनेटखालचं पाणी कायम कोमटच असतं. जाळीवरचा तो हिरवट थर पाहिल्यापासून घरातल्या सगळ्यांना मी हे सांगतो.

पावसाळ्यात वॉशर कशाला लागतो, असं बरेच जण म्हणतात. उलट सगळ्यात जास्त तेव्हाच लागतो. धो-धो पावसात काच आपोआप धुतली जाते, पण पाऊस थांबून रस्ता ओला असताना पुढच्या कंटेनरची चाकं चिखलाचे तुषार थेट काचेवर मारतात. ठाणे-बेलापूर रोडवर तर त्यात तेलही असतं. त्या अर्ध्या ओल्या मातीवर वायपर फिरवला की समोर तपकिरी पडदा पसरतो. एक लांब फवारा, वायपरच्या दोन फेऱ्या, मग आणखी एक छोटा फवारा, असं केलं की काच स्वच्छ. जुलैमध्ये बाटली उन्हाळ्यापेक्षा लवकर संपली. पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावल्यावर पडणारा चिकट थरही या द्रावणाने निघतो, फक्त पाच-दहा सेकंद भिजू द्यावा लागतो. आणि वायपरचं रबर कडक झालं असेल तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. मी दर मे महिन्याच्या शेवटी रबर बदलतो, आणि अधूनमधून ओल्या फडक्याने पुसतो. फडक्यावर उमटणारी काळी रेघ बघितली की काचेवर काय घासलं जात होतं ते कळतं.

तक्रारीही आहेत. बाटली चाकामागे लपलेली, वर फक्त भरायचं तोंड दिसतं, त्यामुळे पाणी किती उरलंय ते कळत नाही. आमच्या मॉडेलला पाणी कमी झाल्याचा इशाराही नाही. ही साधी सोय खालच्या मॉडेलमधून का काढतात हे मला पटत नाही. मी गळ्यापर्यंत भरतो आणि पेट्रोल भरताना दर दोन वेळांआड बघतो. झाकण ओळखायची खूण म्हणजे काच आणि फवाऱ्याचं चित्र. शेजारीच कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची टाकी असते, त्यामुळे पंपावर कोणी "पाणी भरू का साहेब?" म्हणालं तर स्वतः उतरून झाकण दाखवा. कूलंट वॉशरमध्ये गेलं तर काचेवर तेलकट फराटे उठतात.

पार्किंगमधले उंदीर हा आणखी एक त्रास. ऑगस्टमध्ये बोनेटखालचा पाइप कुरतडला, मोटर फिरत होती आणि पाणी इंजिनवर. शेजारच्यांनी फिश टँकची पारदर्शक नळी लावायला सुचवलं. तात्पुरती चालते, पण इंजिनच्या धगीने कडक होऊन तडकते. मी गाडीचाच काळा रबरी पाइप मीटरवर घेतला. सकाळी गाड्या पुसणाऱ्या दादांनाही सांगून ठेवलंय: काचेला आधी पाणी मारा, कोरडं फडकं नको, आणि बोनेटला पॉलिश करताना नोझलवर बोट ठेवा. पॉलिशचा मेणचट लगदा त्या भोकांत बसला की क्षारापेक्षा चिवट असतो, तो व्हिनेगरनेही सुटत नाही.

मोटर बाहेरच्या कंपनीची घेतली, अजून एकदाही कुरकुरलेली नाही. फवारा नोझल शहरात चालवणाऱ्यांनी जरूर घ्यावी. रोज एक्स्प्रेसवेवर जाणाऱ्यांनी धारेचीच ठेवावी. मागच्या काचेचं नोझल अजून जुनंच आहे, डाव्या बाजूला तिरकं मारतं. डिकीच्या दाराचं आतलं आवरण काढल्याशिवाय ते निघत नाही, म्हणून ते काम दसऱ्यानंतर काकांकडेच करणार आहे.