पाडकामाच्या काँक्रीटची खडी: ताकदीची तक्रार नाही, पाण्याची आहे

पाडलेल्या बांधकामांचं काँक्रीट फोडून केलेली खडी मी घेतो. गेल्या आठवड्यात आलेल्या तिच्या डंपरच्या तळातून पाणी गळत होतं आणि काट्याची पावती मात्र पूर्ण वजनाची. पुरवठादाराशी त्यावरून वाजलं, म्हणून हे लिहितोय.

इंदूरच्या साइटवर ही २० मिमी खडी पावसाळ्याआधीपासून वापरात आहे. शंका होती ताकदीची, ती मिटली. एम १५ (ताकदीचा एक दर्जा) च्या साध्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये नेहमीच्या खडीचा पाव हिस्सा हिने बदलूनही २८ दिवसांच्या क्यूबचे (चाचणीच्या ठोकळ्यांचे) ताकदीचे आकडे व्यवस्थित आले. कटकट आहे ती पाण्याची. जुना सिमेंट-वाळूचा मसाला दगडाला चिकटलेला राहतो आणि तो सच्छिद्र असतो. माळव्याची काळी खडी टक्का-दीड टक्का पाणी पिते, ही सहज पाच टक्के.

घनमीटरला जाड खडी साधारण ११५० किलो लागते, त्याचा पाव हिस्सा २९० किलो. तेवढी खडी कोरडीच टाकली तर चौदा लिटर पाणी तिच्या पोटात जातं. मिक्सरमधून माल छान पडतो, पंधरा-वीस मिनिटांत आटतो, मग कुणीतरी वरून बादली ओततो. ताकद तिथे जाते आणि नाव खडीचं खराब होतं. आयएस ३८३ (२०१६) या खडी-वाळूच्या भारतीय मानकात शोषणाची, म्हणजे खडी किती पाणी पिते त्याची, मर्यादा ५ टक्के आहे. या खडीला १० पर्यंत सूट आहे, पण आधी भिजवण्याच्या अटीवर.

आदल्या संध्याकाळी ढिगावर पाणी मारा, ओली तरटं टाका, सकाळी निथळू द्या. तळाची खडी घेऊ नका, तिथे पाणी साचतं. खडा आतून ओला आणि वरून बिनचमकेचा हवा. चमकत असेल तर मिक्सरचं पाणी तेवढं कमी करा.

शोषण मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दोनेक किलो खडी २४ तास भिजवा, फडक्याने पुसून तोला, कढईत शेगडीवर कोरडी करून, गार झाल्यावर पुन्हा तोला. २१०० ग्रॅमचे २००० झाले तर शोषण ५ टक्के.

हीच कढई डंपरलाही लावा. वीस टनांत पाच टक्के पाणी म्हणजे जवळजवळ एक टन पाणी खडीच्या भावाने. धूळ दाबायला पाणी मारतात, मान्य. पैसे मी का देऊ? आधी ओला माल परतच पाठवावा असं वाटायचं. आता चालतो, भिजवायचं काम वाचतं. फक्त बिल कोरड्या वजनाचं, नाहीतर सौदा घनफुटावर.

ढिगात विटांचे लाल तुकडे दिसले तर तो माल फक्त लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटला. पीओपीचे पांढरे तुकडे दिसले तर अजिबात उतरवून घेऊ नका, त्यातलं सल्फेट सिमेंटला पुढे त्रास देतं.

बचतीचंही ऐका. नेहमीच्या खडीपेक्षा ही टनामागे शंभर रुपये स्वस्त धरली, तर पाव हिस्सा बदलून घनमीटरला एकोणतीस रुपये सुटतात. एम १५ च्या खालच्या लीन काँक्रीटमध्ये शंभर टक्के चालते, तिथे एकशे पंधरा. पायाखालच्या पीसीसीला (बिनसळईच्या थराला) म्हणूनच घ्यावी, आणि तीही जवळून. इंदूरच्या एका टोकाच्या राऊहून दुसऱ्या टोकाच्या सांवेर रोडला नेलीत तर फरक भाड्यातच संपला. आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये) एम २५ पर्यंत २० टक्के चालते, पण तेवीस रुपयांसाठी स्लॅबवर बादलीवाल्याची राखण कोण करणार?