जिप्सीच्या पाट्यांचे ४६,८०० रुपये मोजले आणि रंगवलेलं भंगार घरी आणलं

मागच्या उजव्या बाजूचा मेन पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला तेव्हा शेजारच्या सीटवर माझा अकरा वर्षांचा भाचा बसलेला होता. (पाटा म्हणजे गाडीचं वजन झेलणारी लीफ स्प्रिंग, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. सुट्या पट्टीलाही पाटाच म्हणतात, सगळ्यात लांब ती मेन, आणि सगळ्या मधोमध सेंटर बोल्टने जोडलेल्या असतात.) ताम्हिणीच्या पुढचा कच्चा रस्ता, उतार, वेग पंधराच्या आत. एक कडाक आवाज झाला, ॲक्सल मागे सरकला आणि टायर मडगार्डच्या कडेला जाऊन अडकला. हेच घाटातल्या डांबरी वळणावर साठच्या वेगात झालं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही. म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहितोय.

हिशेब आधीच सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी वाढवून सांगतोय. चार पाट्यांचा सेट ४६,८०० रुपये. ट्रान्सपोर्टचं भाडं १,६४०. नवे यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे) आणि बुश ३,८६०. बसवायची मजुरी ५,५००. तुटल्यावर गाडी उचलून आणायला ७,३५०. एकूण ६५,१५० रुपये. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

माझी जिप्सी कंपनीतून निघाली तेव्हा टनभराच्या आसपास होती. आता तिला पुढे लोखंडी बंपर आणि विंच, वर कॅरियर, मागे स्पेअरचं वेगळं हिंज, ३१ इंची टायर, दुसरी बॅटरी. जुने पाटे पार सपाट झाले होते, दगडावरून उतरताना बंप स्टॉपर (ॲक्सल वर आदळू नये म्हणून असलेले रबरी ठोकळे) आपटायचे. दिखाव्यासाठी गाडी उंच करायची नव्हती मला. मी अडाण्यासारखा खरेदीला निघालो नव्हतो, हेही सांगितलं पाहिजे. वजनकाट्यावर जाऊन आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, अशी तीन वजनं घेतली. टाकी भरलेली, हत्यारं आत, दोन माणसं बसलेली. पुढे ५९०, मागे ७३०, एकूण १,३२० किलो. पावत्या जपून ठेवल्या.

एका ओळखीच्याने पाटे विकणाऱ्याचा नंबर दिला. माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, अस्सल मराठी बोलणारा, प्रत्येक वाक्यात दादा. "दादा, इम्पोर्टेड पोलाद, सात मिलीचे पाटे, कंपनीपेक्षा एक पाटा जास्त, अडीच इंच लिफ्ट, रेट १८०." रेट म्हणजे किंमत नव्हे, पाट्याचा कडकपणा: तो ठरावीक अंतर दाबायला किती वजन लागतं. मी म्हटलं, काट्याच्या पावत्या पाठवतो, बघून सांगा. तो म्हणाला, "त्याची काही गरज नाही दादा. हा सेट सगळ्या मॉडिफाइड गाड्यांना चालतो."

इथेच फोन ठेवायला हवा होता. जो स्प्रिंग बनवतो त्याला पहिला प्रश्न वजनाचाच पडतो. रिकामी गाडी आणि विंच-बंपर लादलेली गाडी यांना एकच पाटा चालूच शकत नाही. चालला, तर दोघांपैकी एकाला चुकीचा बसलेला असतो. हे मला माहीत होतं. तरी मी पुढे बोलत राहिलो, कारण त्याचा आवाज खात्रीचा होता आणि मला दिवाळीच्या सुट्टीआधी गाडी तयार हवी होती.

रेट १८० म्हणजे कशाचे १८०, हेही विचारलं होतं. उत्तर आलं, "१८० म्हणजे १८० दादा, हेवी ड्यूटी." १८० पाउंड प्रति इंच म्हणजे सुमारे ३.२ किलो प्रति मिलिमीटर. तोच आकडा न्यूटन प्रति मिलिमीटर धरला तर १८ किलोच्या वर जातो, म्हणजे जिप्सीची बैलगाडी होईल. एककाशिवाय रेटचा आकडा सांगणारा माणूस तो आकडा कुठून तरी उचलून आणलेला असतो. मी स्वतःच पाउंड धरून घेतलं आणि त्याचं काम सोपं केलं.

२३,४०० आगाऊ, २३,४०० माल निघण्याआधी, दोन्ही यूपीआयने. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला टॅक्स वेगळा लागेल. मी कच्च्या पावतीवर तयार झालो. टॅक्स वाचवायला गेलो, हे खरं आहे, आणि पुढे प्रत्येक टेबलावर हेच माझ्या तोंडावर फेकलं गेलं. बिल घ्या. टॅक्स लागू दे. बिलावर पत्ता, जीएसटी क्रमांक आणि पाट्याची जाडी लिहून घ्या.

आता ते गोडाऊन. त्याने आधी मेसेजवर लिहिलं होतं, "सेट ५२ किलो भरेल, भाडं साधारण २,३०० होईल, ते तुम्ही तिकडे द्या." मी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला गेलो, हमालाने दोन गोणपाटाचे गठ्ठे आणून टाकले, क्लार्कने पावती पुढे केली. वजन ३७ किलो, भाडं १,६४०. आणि मला काय वाटलं? साडेसहाशे रुपये वाचले. एवढंच वाटलं. मी खूश होऊन सही केली.

५२ किलो सांगितलेलं पोलाद ३७ किलो भरतंय. पंधरा किलो पोलाद वाटेत हवेत विरत नाही. मेन पाट्याची लांबी-रुंदी गाडीने ठरवून दिलेली असते. वजन कमी आलं म्हणजे एकतर जाडी कमी, नाहीतर खालचे पाटे आखूड किंवा संख्येने कमी. तो आकडा छापील होता, माझ्या हातात होता, क्लार्क समोर उभा होता. तिथल्या तिथे माल नाकारता आला असता, पावतीवर शेरा मारून घेता आला असता. पावतीवरचं वजन आणि विकणाऱ्याने सांगितलेलं वजन ताडून बघा, गठ्ठा सोडवण्याआधी. मी रात्री जागा होतो तेव्हा पाटा तुटल्याचा आवाज नाही आठवत, ती पावती आठवते.

घरी गठ्ठे उघडले तर काळा कुळकुळीत पावडर कोट, वर चकचकीत स्टिकर. मन भरून आलं. मिस्त्रीने बसवले, गाडी अडीच इंच उचलली गेली. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने फोटो मागितला, मी गाडी धुऊन, उन्हात उभी करून फोटो काढला आणि पाठवला.

उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ पाट्याला जास्त कमान दिली तरी गाडी पहिल्या दिवशी उंच दिसते. मी उंची मोजत होतो. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप एकोणीस दिवसांत मागे उजवीकडे ४८ मिलिमीटरने उतरलं. तेव्हा शंका आली आणि मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. सिमेंटच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या मागे बरोबर ॲक्सलच्या वर ठेवल्या आणि गाडी किती बसते ते मोजलं. मागच्या दोन्ही पाट्यांचा मिळून ६.४ किलो प्रति मिलिमीटर (३.२ च्या दुप्पट) रेट असता तर १०० किलोला १६ मिलिमीटर बसायला हवी होती. माझी २९ मिलिमीटर बसली. म्हणजे एका पाट्याचा रेट १.७ च्या आसपास, सांगितल्याच्या निम्म्याहून जरा जास्त. या चाचणीला एक पैसा लागत नाही. पाटे बसवल्याच्या दिवशीच करा, सात दिवसांच्या आत करा, फोटोसकट करा.

फोन केला तर म्हणाला, "नवे पाटे थोडे बसतातच दादा." थोडे बसतात हे खरं आहे. दोन इंच बसत नाहीत. पुढे पाटा तुटल्यावर म्हणाला, "तुम्ही ओव्हरलोड केली असणार, नाहीतर यू-बोल्ट ढिले." यू-बोल्ट ढिले असले की पाटा सेंटर बोल्टपाशीच तुटतो, हे त्याला नेमकं ठाऊक होतं आणि आरोपही त्याने तोच केला. मी ३०० किलोमीटरनंतर चारही बाजूंचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळले होते, मिस्त्री साक्षीला आहे. वजनाचं म्हणाल तर पावत्या बघायला त्यानेच नकार दिला होता. तिसऱ्या दिवसापासून माझा नंबर ब्लॉक.

आमच्या पाटेवाल्या काकांनी तुटलेला सेट उघडला. हे चाळीस वर्षं ट्रकचे पाटे करताहेत. रंग खरवडला तर खाली गंजाचे खड्डे, वरून ग्राइंडर मारून सपाट केलेले. कॅलिपर लावला, जाडी कुठे ५.४, कुठे ५.८. सात मिलीचा एकही पाटा नाही, आणि खालचे दोन तर वीतभर आखूड. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो. सातऐवजी सरासरी ५.६ म्हणजे जाडी एक पंचमांशाने कमी, पण कडकपणा जवळजवळ निम्मा. सिमेंटच्या गोण्यांनी हेच सांगितलं होतं. काकांनी तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. अर्धा भाग जुनाट काळपट, अर्धा ताजा चमकता. "ही चीर आधीचीच आहे," म्हणाले. "भंगारातले पाटे घेतलेत, थंडच ठोकून कमान काढलीय. ना भट्टी, ना पाणी पाजलंय." जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणं यात गैर काही नाही, काका स्वतः ते काम चार पाट्यांचे ६,००० घेऊन करतात. पण ते जुनं म्हणून सांगतात.

सेंटर बोल्टच्या भोकाच्या आतली कड बघा, तिथे पावडर कोट नीट पोचत नाही. माझ्या भोकात लाल गंज होता. मी बघितलंच नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दोन तास बसवून ठेवलं. साहेबांनी कागद वाचलेच नाहीत. "माल मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कुठे? हा दिवाणी मामला आहे, अर्ज देऊन ठेवा." दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब. त्यांनी गाडीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "ही गाडी आरटीओला दाखवलीय का अशी?" तिथे माझा आवाज बसला. गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मलाही माहीत आहे, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल काय म्हटलं तेही माहीत आहे. पण माझ्या टायरचा आकार मोठा आहे म्हणून मला भंगार विकायची कुणाला परवानगी मिळते का? तक्रारदार मी, आणि पाच मिनिटांत आरोपीसारखा उत्तरं देत होतो मीच. असले विक्रेते याच भीतीवर जगतात. बदललेल्या गाडीचा मालक ठाण्याची पायरी चढणार नाही, चढला तर पहिल्या प्रश्नाला उतरेल, हे त्यांचं भांडवल आहे.

ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या क्रमांकाचा उपयोग पैसे गेल्यागेल्या होतो. माझे पैसे जाऊन दीड महिना झाला होता. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. एका तक्रार केंद्राने क्रमांक दिला, २३ दिवसांनी मेसेज आला, समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर मी तुमच्याकडे आलो होतो! फोन लावला तर नव्याने नोंदवा म्हणाले. नव्याने नोंदवली, तीही बंद झाली. ट्रान्सपोर्टवाला पावतीची दुय्यम प्रत द्यायला तयार नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं आणि प्रत्येक दारात मी पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली, उभ्या उभ्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

आता जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. माल तपासायला प्रयोगशाळेकडे पाठवायचा अधिकार आयोगाला आहे, म्हणून तुटलेला पाटा विकू नका, वेल्डिंग तर अजिबात करू नका. मी चारही पाटे प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. अडलंय एकाच ठिकाणी. मी पाठवलेली नोटीस "पत्ता अपूर्ण" शेऱ्यासह परत आली. माझ्याकडे त्याचा फोन नंबर आहे, यूपीआयवरचं नाव आहे आणि कच्ची पावती आहे, जिच्यावर गावाच्या नावापलीकडे काही नाही.

नवे पाटे काकांकडूनच करून घेतले, ३१,२०० रुपयांत, बिलासकट. त्यांनी आधी काट्याच्या पावत्या मागितल्या. मग चाकं आणि ॲक्सलचं वजन त्यातून वजा केलं, कारण ते पाट्यावर येत नाही. मग विचारलं, रोज किती सामान असतं आणि वर्षातून किती वेळा भरून जाता. पुढचे डावे-उजवे पाटेही त्यांनी थोडे वेगळे केले, बॅटरी आणि विंचची मोटर एका बाजूला आहे म्हणून. प्रेसवर भार देऊन माझ्यासमोर माप दाखवलं. गेल्या चार महिन्यांत गाडी ६ मिलिमीटर बसली आहे.

परवा एका मित्राने त्या विक्रेत्याकडून आलेला मेसेज मला पुढे पाठवला. "समाधानी ग्राहक, अडीच इंच लिफ्ट, गॅरंटी." खाली फोटो होता. हिरवी जिप्सी, पुढे लोखंडी बंपर, उन्हात उभी, धुऊन पुसून. ती गाडी माझी आहे. फोटो पाटे बसवल्याच्या दुसऱ्या दिवसाचा आहे. तो तुमच्यापर्यंत आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा की या गाडीचे पाटे आज कुठे आहेत.